दहा माणसांची प्रार्थना

ती. आईस,
कोराडीहून शिमशोनचा शालोम.

मी बरा आहे. इथे वीज केंद्राची राख फार उडते, म्हणून खिडक्या बंदच ठेवतो. तुझा गुडघा कसा आहे?

सुट्टी मिळाली नाही, म्हणून बाबांचं वर्ष काल क्वार्टरमध्येच केलं. पोह्यांत गूळ-खोबरं घालून मलिदा केला, थोडा कोरडा झाला. गेलेल्या माणसासाठी म्हणायच्या हशकाबाच्या प्रार्थनेला दहा माणसं लागतात, असं शेजारच्या भैयाजींना बोलता बोलता सांगितलं होतं. ते आंघोळ करून, डोक्याला दुपट्टा बांधून आले, आणि कॉलनीतले आठ जण तसेच घेऊन आले. "झाले ना गा दहा? कर सुरू." दहाही यहुदीच लागतात, हे मला काही सांगवलं नाही.

बाबांनी देवनागरीत उतरवून दिलेली हिब्रू मी मोठ्यानं वाचली. भैयाजींनी विचारलं, "याचा अर्थ काय होते गा?" मी मलिदा वाढायला उठलो.

जाताना तेच म्हणाले, "आमाले तं दानियल तेवढं समजलं, तुह्या बाबाचं नाव."

आई, मलाही तेवढंच समजलं. बाबांना तरी सगळं समजायचं का गं?

तुझा,
शिमशोन