बाबांनी बदललेलं कुलूप

प्रिय धाकट्या,

आधी बातमी सांगते. बाबा गेले, त्याला आज सोळा दिवस झाले. तुझ्या जुन्या नंबरावर फोन केला, तो लागला नाही. कारखान्यात चौकशी करता आली असती, पण ते मला सुचलंच नाही. अजून रडूही आलेलं नाही. शेजारच्या मावशी रोज येऊन माझं तोंड निरखतात आणि निराश होऊन परत जातात.

वाचनालयातल्या बाई गल्लीतल्या जुन्या घरांची माहिती गोळा करताहेत. तुमच्या घरावर दोन पानं द्या म्हणाल्या. एवढंसं दोन खोल्यांचं घर, त्याला कसला आलाय इतिहास! पण हाताला काहीतरी काम हवं होतं, म्हणून बसले लिहायला. छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या एका माणसानं ते बांधलं. त्याच्या काळात दाराला नुसती कडी होती. त्याच्यामागून सुईणबाई आल्या. अडलेल्या बाईच्या माणसांना दार वाजवत उभं राहावं लागू नये, म्हणून त्या दार उघडंच ठेवायच्या. निम्मी गल्ली त्यांच्या हातांवर जन्मली. मग बाबा आले. कुलपं करणारा माणूस, आणि त्याच्याच दाराला कुलूप नाही म्हणजे काय! पहिल्याच दिवशी त्यांनी स्वतः केलेलं ते काळं कुलूप लावलं. चोरण्यासारखं घरात होतं काय, तर मी आणि एक स्टोव्ह, असं आई होती तोवर सांगायची.

तुझ्यापर्यंत आले आणि लिहिणं अडलं. तू बाबांचं दुकान सोडून कुलपांच्या कारखान्यात लागलास, त्या संध्याकाळचं काय लिहू? माझ्या पोटावर पाय देणाऱ्यांची चाकरी करणार असशील तर या घरात पाऊल टाकू नकोस, असं बाबा म्हणाले. तू भरलं ताट तसंच ठेवून उठलास. दुसऱ्या दिवशी त्यांनी काळं कुलूप काढून नवं पितळी लावलं आणि मला एक नवी कोरी किल्ली दिली. मी ती मुकाट्यानं घेतली. तेव्हा मी तोंड उघडायला हवं होतं, माझं चुकलंच. दोन वर्षांनी तू येऊन गेलास, तेही मला मावशींकडून कळलं. किल्ली हातात घेऊन दारापाशी आलास, कुलूप पाहिलंस आणि आल्या पावली परत गेलास. मी बाबांना सांगितलं, तर त्यांनी एवढंच विचारलं, "किल्ली लावून बघितली का त्यानं?" मला वाटलं, टोमणा मारताहेत. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

हॉस्पिटलातून त्यांची पिशवी घेऊन आले, तेव्हा भर दुपार होती. माझी किल्ली लाँड्रीत, कामावरच राहिली होती. पिशवीत त्यांची जुनी किल्ली सापडली, काळ्या कुलपाची, तुझ्याकडे आहे तशीच. तीच लावली. दार उघडलं, आत गेले, चहा करून प्यायले. तिसऱ्या दिवशी भांडी घासताना लक्षात आलं की ती किल्ली लागायलाच नको होती. मग त्यांच्याच हत्यारांनी कुलूप खोलून पाहिलं. बाहेरून सगळं पितळेचं, नवं. किल्लीनं हलतात त्या आतल्या पट्ट्या मात्र जुन्याच, काळ्या कुलपातल्या. बोललेला शब्द मागे घेणं त्यांच्या जिवावर यायचं, तुला काय सांगायचं. हातात किल्ली असलेला माणूस ती लावून बघणारच, असं ते धरून चालले. आणि तू पडलास त्यांच्याच हाताखाली शिकलेला. नुसतं बघूनच ओळखलंस की कुलूप वेगळं आहे.

एवढं कळवायलाच हे पत्र कारखान्याच्या पत्त्यावर टाकते आहे. कुलूप मी पुन्हा जोडून दाराला लावलंय. रजा मिळेल तेव्हा ये. मी सहापर्यंत कामावर असते. माझी वाट बघत बाहेर ताटकळू नकोस. तुझी किल्ली लाव आणि आत जा.

तुझीच,
ताई