एकतीस, चौतीस, अडतीस

मंगळवार, ४ फेब्रुवारी

नाही म्हणजे नाही! सव्वीस वर्षं उंदरांच्या पोटात नळी घालतेय मी, आणि आज साहेब मला म्हणतात, "बाई, हात चुकला असं लिहून द्या." कोणाचा हात? माझा?

थांब. नीट लिहिते. नाहीतर महिन्याभराने माझं मलाच कळायचं नाही कशावर एवढी भडकले होते.

आमची ती मुळी. आखडलेल्या, सुजलेल्या सांध्यांवर चालते म्हणून साहेब पंधरा वर्षं तिच्यामागे आहेत. माणसांना देण्याआधी तिचा अर्क चाळीस उंदरांना अठ्ठावीस दिवस पाजायचा होता. दहांना नुसतं डिंकाचं पाणी, दहांना थोडा अर्क, दहांना मध्यम, आणि एकतीस ते चाळीस नंबरवाल्यांना भरपूर. त्या भरपूरवाल्यांतले तीन मेले. एकतीस, चौतीस, अडतीस. तिघंही सकाळी पिंजऱ्यात आडवे सापडले.

अर्काने मेले म्हटलं तर पुढच्या महिन्यातली माणसांवरची चाचणी थांबते. नळी पोटात जायची ती श्वासनळीत गेली, अर्क फुफ्फुसात उतरला आणि मेले, असं म्हटलं तर अर्क धुतल्या तांदळासारखा! दोष बाईंच्या हाताचा. रजिस्टरमध्ये तीन ओळी, खाली माझी सही, आणि सगळे सुखी.

"तुम्हाला काही होणार नाही हो. चुका सगळ्यांकडूनच होतात."

होतात ना! मग झालेल्या चुकीवर सही घ्या की. न झालेल्या चुकीवर कशाला?

बुधवार, ५ फेब्रुवारी

सही केली नाही.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

रेडिओला कळलंय. म्हणजे इमारतीतल्या सगळ्यांना कळलंय. रेडिओ म्हणजे आमच्या उंदीरघराचे पिंजरे धुणारा, माझ्याहून दोन वर्षांनी मोठा, सकाळी आठला सुरू होतो तो पाचला बंद. आज म्हणाला, "बाई, सही करून टाका. साहेबांशी वाकडं घेऊन कोणाचं भलं झालंय?" मी म्हटलं, तू तुझे पिंजरे घास. तर म्हणतो, "घासतोय की. पिंजरे तरी उलट उत्तर देत नाहीत." हसूच आलं मेलं. एरवी आठवडाभर हसले नव्हते.

दुपारी बसून तिघांना एकेक करून आठवलं. नळी घालताना उंदराची मानेमागची कातडी डाव्या हाताच्या चिमटीत धरायची, डोकं वर, नळी तोंडाच्या कडेने आत, आणि थांबायचं. त्याने गिळलं की बोटांना कळतं. हे पुस्तकात नसतं, बोटांतच असतं. एकतीस शांत होता. चौतीस त्याहून शांत. अडतीस जरा धडपडला होता, चिमटीतून निसटला, पुन्हा धरला. पण गिळलं त्याने. मला कळतं.

आणि यकृतं? एकतीस-चौतीसची मी कापली तेव्हाच पाहिली होती. पिवळट, ठिपकेच ठिपके. अडतीसचं बरं दिसलं, पण सगळ्यांवर एकाच वेळी थोडंच उमटतं? साहेब म्हणतात ठिपके डोळ्यांना भासतात. त्यांच्या डोळ्यांना पंधरा वर्षं ती मुळी सोडून दुसरं काही दिसलंय का!

रविवार, ९ फेब्रुवारी

ताईकडे गेले. जायला नको होतं.

चाचणीच्या यादीत पहिलं नाव माझ्या सख्ख्या बहिणीचं आहे. मीच घातलंय ते, मोठ्या तोऱ्यात, "आमच्याकडचं औषध आहे" म्हणत. सहा वर्षं झाली तिची बोटं वाकडी होऊन. चहाचा कप दोन्ही तळव्यांत धरते. ब्लाउजची बटणं भावजी लावून देतात, आणि ती भिंतीकडे बघत उभी राहते.

सगळं सांगितलं तिला. वाटलं, म्हणेल, बरं केलंस. छे!

"तीन उंदीर मेले म्हणून माझं औषध अडवून बसलीस?"

"ताई, यकृत जळतंय त्याने. तुला पाजायचंय ते, म्हणून तर!"

"एकदा हात चुकला म्हटलं तर काय आभाळ कोसळेल गं तुझं? माझे दोन्ही हात गेलेत. मी कोणाच्या सह्या अडवल्या?"

भावजी आत जाऊन उगाच भांडी लावत बसले. निघताना ती दारापर्यंत आली नाही. बसमध्ये रडले, चक्क रडले, समोरच्या बाईने रुमाल पुढे केला. आणि तरी सांगते, सही करणार नाही. तिच्यासाठी तर मुळीच नाही!

सोमवार, १० फेब्रुवारी

साहेब म्हणाले, मग तुमची भांडारात बदली करावी लागेल. करा म्हटलं. तिथल्या बाटल्यांवर तरी खऱ्या चिठ्ठ्या असतात.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

आज डोक्यात उजेड पडला! भांडतेय कशाला मी? पुरावा वरच्या फळीवर पडलाय की!

साहेबांच्या कागदात यकृत आणि मूत्रपिंडं ठेवायची, एवढंच. पण मला ज्यांनी हे काम शिकवलं त्या जुन्या बाईंचा दंडक होता, मेलेल्याचं सगळं ठेव. उद्या कोण काय विचारेल सांगता येत नाही. सव्वीस वर्षं मी कागद काहीही म्हणो, सगळं ठेवते. साहेबांना ठाऊकच नाही. तीन बरण्या, तिघांची फुफ्फुसं, नंबर आणि तारीख माझ्याच अक्षरात. अर्क फुफ्फुसात गेला असेल तर तिथे दिसेल. नसेल तर माझा हात सुटला, आणि अर्क अडकला!

उतरवताना झाकण काही केल्या फिरेना. रेडिओने उघडून दिलं. एसी सतत बावीसवर, बोटं आखडणार नाहीत तर काय. अंगठीही आठ दिवस निघत नाहीये, तशीच हातमोजा चढवते.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

साहेबांच्या नाकावर टिच्चून काम केलं. चोरून मात्र नाही. रजिस्टरमध्ये लिहिलं, "३१, ३४, ३८ ची फुफ्फुसं तपासणीस दिली", आणि सही ठोकली. ही सही आनंदाने!

बरण्या डब्याच्या पिशवीत घालून पलीकडच्या इमारतीत काचवाल्या बाईंकडे नेल्या. त्या कापलेल्या अवयवांच्या कांद्याच्या सालीहून पातळ चकत्या काचेवर घेऊन बघतात. त्यांची काच खोटं बोलत नाही असं सगळे म्हणतात, साहेबसुद्धा. लिफ्टमध्ये एकाने विचारलं, "काय बाई, आज डब्यात काय विशेष?" म्हटलं, वास घेणार का? तो पहिल्याच मजल्यावर उतरला.

काचवाल्या बाईंनी बरण्या उजेडात धरल्या. "तपासायला सांगितलं कोणी?"

"कोणी नाही. यकृतंही पुन्हा बघा. तिघांचं सगळं बघा. एक सोडू नका."

"नक्की? सगळं म्हणजे सगळं दिसेल हं."

दिसू दे की! मला कशाची भीती?

सोमवार, १७ फेब्रुवारी

साहेब दालनात बोलावून ओरडले. हो, ओरडले! कोणाला विचारून दिलंत? मी म्हटलं, मेलेल्याला विचारून. मग आवाज उतरला त्यांचा. खुर्चीत मागे टेकून म्हणाले, "बाई, माझी आई या दुखण्याने अंथरुणाला खिळली होती. तुम्हाला वाटतं मी नावासाठी करतोय?"

नाही वाटत. खरंच नाही वाटत, आणि तेच अवघड आहे. वाईट माणसासमोर पाय रोवून उभं राहणं सोपं. म्हटलं, साहेब, तुमच्या आईला पाजला असतात हा अर्क, तिसरा उंदीर मेल्यावर? उत्तरासाठी थांबले नाही.

गुरुवार, २० फेब्रुवारी

ताई फोन उचलत नाही. भावजींना केला, तर मागून तिचा आवाज, "सांग घरात नाही."

सोमवार, २४ फेब्रुवारी

जिंकले!!

एकतीस, फुफ्फुसं स्वच्छ. चौतीस, फुफ्फुसं स्वच्छ. दोघांची यकृतं मात्र जळालेली, अगदी मी म्हटलं तशी. कागद काचवाल्या बाईंच्या सहीचा. अडतीसची चकती कापताना फाटली, पुन्हा करतायत, पण आता ती असून नसून सारखीच. साहेबांनी कागद दोनदा वाचला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. म्हणाले, "चाचणी थांबवतो. समितीला आजच पत्र पाठवतो." मला वाटलं होतं मला उड्या माराव्याशा वाटतील. तसं काही वाटलं नाही. त्यांना पाणी आणून दिलं.

रेडिओने मात्र जाहीर करून टाकलं, "बाईंच्या हाताला नाव ठेवायचं नाही!" मजला दणाणला. मी वरवर म्हटलं, पुरे रे! आतून फुगले होते. का फुगू नये? वीस दिवस मला खोटं ठरवत होते सगळे. माझा हात म्हणजे माझा हात!

घरी येताना ताईचीच आठवण. तिचं औषध मी थांबवलं हे काही खोटं नाही. पण तिचं यकृतही शाबूत आहे. कधीतरी कळेल तिला. नाही कळलं तरी चालेल.

नाही, चालणार नाही. उगाच लिहिलं.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

काचवाल्या बाईंचा फोन आला. अडतीसच्या दोन्ही फुफ्फुसांत अर्क आहे. यकृत स्वच्छ.

म्हणाल्या, "दोघांवर तुमचं काम झालंय. तिसऱ्याचं कोणी विचारलेलं नाही. पाठवू, की राहू दे?"

पाठवा म्हटलं.

रजिस्टर उघडलं. "३८. नळी श्वासनळीत गेली. माझ्या हातची चूक." खाली सही केली. पेन बोटांतून दोनदा निसटलं. साहेबांना सांगितलं, सोमवारपासून नळी दुसऱ्या कोणाकडे द्या. ते काही बोलायच्या आत बाहेर आले.

मग रेडिओच्या फोनवरून ताईला लावला, नंबर ओळखीचा नाही म्हणून तिने उचलला. म्हटलं, ताई, ठेवू नकोस. एकच विचारायचंय. तुझं दुखणं सुरू झालं तेव्हा, सकाळी बोटं मोकळी व्हायला किती वेळ लागायचा गं?