आलापल्लीच्या बाजारातून गेलेली लॉरी

३ फेब्रुवारी १९५५, एटापल्ली
लॉरी गेली. आलापल्लीच्या बाजारातून, भरदिवसा. लिंबाखाली उभी करून भजी खायला बसलो, चहा पिऊन बाहेर आलो तर लिंब तेवढा जागेवर. आधी वाटलं, नागोची गंमत. लहानपणापासूनचा दोस्त, त्याला खोड आहे. मागे एकदा माझी लॉरी नाल्यापलीकडे नेऊन ठेवली आणि मी घामाघूम होईस्तोवर झाडाआड हसत बसला होता. पण आज तोच धावत आला. "कोन नेली बे?" त्याचं तोंड उतरलेलं पाहिलं आणि कळलं, खरंच गेली.

हँडल सीटखालीच होतं. सगळ्यांचंच असतं. बॅटऱ्या मेलेल्या, हँडल मारल्याशिवाय इथली एकही लॉरी चालू होत नाही. कोणाला साप चावला, कोणाची बाई अडली, तर दिसेल त्या लॉरीचं हँडल मारायचं आणि अहेरीचा दवाखाना गाठायचा, मालक असो नसो. ही इथली रीत. चोराला आयतीच सापडली.

शेवंताला सांगितलं. सातवा महिना तिला. म्हणाली, "तुमी आंदी जेवा."

५ फेब्रु.
ठाण्यात दिवस गेला. जमादार म्हणे, हंगामात जातेच एखादी. नदीला पाणी कमी असतं, उतरून पलीकडे मोगलाईत, दुसऱ्या राज्यात गेली की रंग बदलतो, नंबर बदलतो. पावसाळ्यात नदी भरली की चोऱ्या आपोआप बंद. म्हणजे बंदोबस्त नदीच करते, हे नुसते लिहून घेतात. पाया पडून आलो. आपलीच गरज.

१० फेब्रु.
नाक्यावर सगळे डायव्हर जमले. माझ्याच सांगण्यावरून ठरलं, आजपासून हँडल ज्याचं त्याच्याजवळ. गाडी सोडली की हँडल खांद्यावर. म्हातारे रामाभाऊ तेवढे म्हणाले, "अन् अडल्यानडल्याचं कसं?" मी म्हणालो, "रामाभाऊ, तुमची गेली असती तं असं बोल्ले असते का?" ते बिडी पेटवायला लागले. नागो म्हणाला, "मी तं आंघोळीलेबी संगंच नेतो." हसलो सगळे. बऱ्याच दिवसांनी हसलो.

२ एप्रिल
लिहवत नाही.

४ एप्रिल
शे.च्या पोटात परवा पहाटेच कळा सुरू झाल्या. दुपारी सुईण म्हणाली, "माझ्या हाताचं काम नाई हे, दवाखान्यात न्या."

नाक्यावर एकच लॉरी. नागोची, बांबू भरलेली, परमिटासाठी थांबलेली. नागो नाही. सीटखाली हात घातला. नुसतं फडकं. दहा-बारा जणांनी ढकलून पाहिली, वाळूत रुतलेली, हलेना. माझ्यासारखा डायव्हर लॉरीत बसलेला आणि लॉरी हलत नाही. चाकाला लाथा घातल्या. रडलो असेन.

पोरं चहूकडे धावली. सापडला तळ्यावर, गळ टाकून कमरेएवढ्या पाण्यात. हँडल काठावर सदऱ्याखाली झाकून ठेवलेलं. पळत आला, ओल्या अंगानेच हँडल मारलं. बांबू ओतून शे.ला वर घेतलं. गाडी त्याने अशी चालवली की दुसऱ्या कोणाला जमली नसती.

अर्ध्या वाटेतच झालं. मुलगी. रडली नाही. डोक्यावर केस मात्र भरपूर होते.

नागो खाली उतरून रस्त्यात बसला. मी त्याच्याकडे पाहिलं नाही. शे.साठी अहेरीला जावंच लागलं. ती वाचली, डॉक्टर म्हणाले.

परत येऊन तिला मोहाच्या झाडाखाली पुरलं. फुलं टपटप पडत होती. सकाळी बाया वेचायला येतील तिथे.

१९ एप्रिल
नागो रोज येतो. अंगणात कुडाला टेकून बसतो, ऊन आलं की सरकतो, संध्याकाळी उठून जातो. आज बोलला. "मारोती, मले मार ना बे. बोलत काऊन नाईस?" मी आत गेलो. काय बोलू? मी सांगितलेलंच त्याने केलं, इतकंच की सगळ्यांपेक्षा जास्त इमानदारीने केलं. हे कळतं. तरी त्याचं तोंड दिसलं की ते फडकं हाताला लागतं.

शे. त्याला पाणी नेऊन देते. मी म्हणालो, "देत नको जाऊ." ती म्हणाली, "त्यायनं काय केलं?" आई म्हणाली, चूप रे, बाळंतीण आहे.

११ मे
ठाण्यातून निरोप. लॉरी सापडली, पलीकडे. ओळखायला या.

१४ मे
आणली. हिरवी रंगवलीय, नंबर भलताच. मागच्या फाळक्याला माझ्या हाताने ठोकलेली सागाची फळी, त्यावरून ओळख पटली. जमादाराने पाठीवर थाप मारली. "नशीबवान आहात मारोतीभाऊ. गेलेली लॉरी अशी घरी येत नाई."

पहिल्या हँडलला चालू झाली. इतका राग आला तिचा. वाटेत त्या जागेवरून आलो. नाक्यावर ओतलेले बांबू अजून तसेच पडलेत, कोणी उचलले नाहीत.

गावात शिरलो तशी पोरं मागे. आई लिंबू, कुंकू घेऊन बाहेर आली. नागो अंगणातच होता, उठून उभा राहिला. टायरांकडे पाहत राहिला, माझ्याकडे नाही.

शे. लॉरीभोवती फिरली. रंगाला बोट लावून पाहिलं.

"मले अहेरीले नेता का?"

"कायले? दुखून राह्यलं का?"

"नाई. त्या दिवशी मले काईच दिसलं नाई. अर्ध्या वाटेपासून किती उरलं होतं, तेवढं पाहाचं हाय."

उद्या नेतो म्हणालो. "नागोभाऊलेबी घ्या," ती म्हणाली. खांद्यावरचं हँडल मी परत सीटखाली ठेवलं.