कपाटावरची धूळ

३ फेब्रुवारी, शनिवार

डॉक्टर आज तोंडावरच बोलले — "औषध मी देतो, पण पोरगी राहते तुमच्या घरात! तिथली धूळ काढा. जुन्या गाद्या, उशा, पडदे — सगळं बाहेर." ठकी स्टुलावर बसून पाय हलवत होती. छातीतून शिट्टी वाजल्यासारखा आवाज. नऊ वर्षांची पोर, आणि जिना चढताना म्हातारीसारखी थांबते.

येताना ह्यांना म्हटलं, उद्यापासूनच हात घालते. हे म्हणाले, "आतली खोली राहू दे."

आतली खोली म्हणजे तिची. ह्यांच्या पहिल्या बायकोची, ठकीच्या आईची. तीन वर्षांपूर्वी त्याच खोलीत गेली — दम्यानं. मी या घरात येऊन सात महिने झाले, तिथली टाचणीसुद्धा हललेली नाही.

४ फेब्रुवारी, रविवार

ऐकलं नाही मी! तोंडाला फडकं बांधलं आणि शिरले आत. गादीखाली ओल, भिंतीवर बुरशीचे काळे ठिपके. कपाटाच्या डोक्यावर बोटभर धूळ. दिवसभर चष्म्याच्या दुकानात लोकांच्या काचा पुसते, आणि माझ्याच घरात हे! गाद्या, उशा, पडदे, केराची पिशवी — सगळं गच्चीवर नेऊन ठेवलं. भंगारवाला येईल तेव्हा नेईल.

कंबरेचे तुकडे पडलेत. पण डोकं कसं हलकं झालंय! किती दिवसांनी काहीतरी गुणगुणले.

ठकी दारातच उभी होती. आत येईना. "मावशी, पुरे ना आता..."

हे दिवसभर फिरकले नाहीत.

६ फेब्रुवारी

कपाटाच्या डोक्यावर धूळ. परवा ओल्या फडक्यानं पुसलं होतं! दोन दिवसांत इतकी? छे, कोपरा राहिला असेल.

७ फेब्रुवारी

राहिला नव्हता. काल सगळं पुन्हा पुसलं, आज पुन्हा तेच. आणि पलंगाखाली केराचा गोळा. त्यात केस — हातभर लांब. माझे खांद्यापर्यंत आहेत. ठकीचे तर मुलासारखे कापलेले.

८ फेब्रुवारी

ह्यांना सांगितलं. पेपरातून मान वर न काढता म्हणाले, "तिला आवडत नाही तिच्या वस्तू हलवलेल्या."

आवडायचं नाही, असं नव्हे. आवडत नाही!

११ फेब्रुवारी, रविवार

आधी चांगलं लिहिते. ठकी आठवडाभर खोकल्याशिवाय झोपली. काल दोन जिने एका दमात चढली, वर येऊन माझ्याकडे बघून हसली. गालांवर रंग आलाय.

आता दुसरं. आतल्या खोलीत पडदे पुन्हा लागलेत. मी गच्चीवर टाकलेलेच. उलटे — शिवण बाहेरच्या बाजूला. ह्यांना विचारायची हिंमत झाली नाही. रिकाम्या खोलीला चक्क म्हणाले, "तुमच्याच लेकीसाठी करतेय हो, बाई!" कुणी ऐकलं असतं तर सरळ वेड्यांच्या डॉक्टरकडे नेलं असतं.

पडदे काढून पुन्हा गच्चीवर टाकले.

१३ फेब्रुवारी

ठकीला पुन्हा धाप. शाळा बुडली. धुतलेल्या घरात? कशानं?

१५ फेब्रुवारी

डोकं ठणकत होतं. ह्यांना फोन करून सांगितलं आणि दुपारीच दुकानातून निघाले. दार उघडलं — आतल्या खोलीत खसफस. खुर्ची सरकल्याचा आवाज. उलट पावली परत जावंसं वाटलं. पण गेले.

ठकी होती. शाळेच्या गणवेशात, खुर्चीवर चढलेली. गच्चीवरची केराची पिशवी काखेत, आणि मुठी मुठी धूळ काढून कपाटावर पसरत होती. आ वासून श्वास ओढत होती.

रागावणार होते. तिचं तोंड बघितलं आणि तिला खाली उतरवलं, पोटाशी धरलं. किती वेळ नुसती हुंदके देत राहिली. मग तुटक तुटक सांगितलं. पडदेही तिनंच लावले होते, ह्याच खुर्चीवर चढून.

आई बाजारात गेली होती. ती येईपर्यंत घर आवरून तिला खूश करायचं, म्हणून सहा वर्षांच्या ठकीनं उशा आपटून आपटून झटकल्या. कपाटावर फडकं मारलं. आई आली ती त्याच धुळीत.

"धूळ पडून होती तोवर आई बरी होती. मी उडवली. मी मारलं तिला." माझ्या कुडत्याला घट्ट धरून म्हणाली, "तू पण झाडतेस. तू पण मरशील!"

आणि मी म्हणत होते, बाईंना माझं येणं खपलेलं नाही! ही पोर मला वाचवत होती. स्वतःचा श्वास कोंडून.

"तुझ्यामुळे नाही गं," एवढंच म्हणत राहिले. पण मला तरी काय ठाऊक? मी कुठे होते तेव्हा?

मान वर केली तर दारात हे. माझा फोन ऐकून लवकर आलेले. सगळं ऐकलं होतं. चेहरा पांढराफटक. चपला घालून निघून गेले.

१६ फेब्रुवारी

आज सकाळी हे आतल्या खोलीत गेले. मी आल्यापासून पहिल्यांदा. ठकीला बोलावलं, तिच्यासमोर जमिनीवर बसले, तिचा हात हातात घेतला. म्हणाले, "त्या दिवशी आईचा दम्याचा पंप संपला होता. तिनं मला सकाळीच सांगितलं होतं, नवा आणा म्हणून. मी विसरलो गं."

ठकीनं हात काढून घेतला नाही.