दोर सोडलेल्याचा वाटा

पापा, त्या दिवशी तू मला वाटा दिला नाहीस, ते मी अजून विसरलेलो नाही. वाटेने चाललेल्या पोस्टमनने सायकल माडाला टेकवून रापणीच्या दोराला दोन हिसके दिले, त्याला चार बांगडे. चुलत्याकडे आलेल्या पाहुण्याने नुसता हात लावला, त्यालाही दोन. रापणीची रीतच तशी, जाळं ओढायला जो हात लावील त्याला मासे, हे मला मान्य आहे. पण मी रापणीच्या तांडेलाचा, म्होरक्याचा मुलगा, तेरा वर्षांचा, अर्धा दोर ओढून हात सोलले म्हणून जरा बाजूला गेलो, आणि परत आल्यावर तोंडवलीच्या अख्ख्या किनाऱ्यासमोर तू म्हणालास, "दोर सोडलंस मां? मगे वाटो कसलो मागतंस?" पोस्टमन हसला. ते हसणं मला इथे मोंबासापर्यंत ऐकू येतं.

त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात माय ताटं वाढते आहे. माझ्या ताटात तळलेला बांगडा, तुझ्या ताटात पेज आणि लोणचं. तू म्हणतोस, "माझ्या पोटात बरां नाय." मला फार बरं वाटलं. म्हटलं, देवाने बघितलं.

आता हे ऐक. इथे गोदीत मी वेल्डिंग करतो. आमच्या चर्चचे पाद्री दरवर्षी ट्रक भरून माणसं घेऊन सीमेपलीकडच्या देशात जातात, तिथे एका मोठ्या सरोवराकाठी मिशनची शाळा आहे. आठ दिवस मुलांची सेवा करायची. आठ दिवस सुट्टी आणि जेवण फुकट, म्हणून मी हात वर केला. फॉर्मात शिक्षण विचारलं होतं, मी चौथी लिहिलं. काय येतं असं विचारलं होतं, तिथे मासेमारी लिहिलं. पाद्री खूश झाले. म्हणाले, येशूचे पहिले शिष्यही तेच करत होते. मी म्हटलं, ते चौथीपर्यंत तरी गेले होते का?

त्यांनी मला चाळीस मुलं आणि इंग्रजी बायबलकथांचं चित्रांचं पुस्तक दिलं. मी मुलांना चित्रं दाखवली. चित्रं संपली, मुलं संपेनात. शेवटी मी पुस्तक मिटलं आणि पाद्रींकडे दोर मागितला. गावातल्या एका म्हाताऱ्याचं जुनं जाळं, शाळेचं व्हॉलीबॉलचं नेट आणि पाद्रींची मच्छरदाणी जोडून मी रापण केली. तू बघितली असतीस तर पाण्यात उतरू दिली नसतीस. पाद्री सारखे विचारत होते की पाणघोडे कुठे असतात. मुलं म्हणाली, पलीकडे असतात. पलीकडे म्हणजे कुठे, ते कोणी सांगितलं नाही.

मग दोन दोर, दोन बाजूंना वीस-वीस मुलं, आणि मी तुझ्यासारखा मध्ये उभा राहून ओरडतोय. पहिली फेरी आली तेव्हा जाळ्यात शेवाळ आणि पाद्रींची गेल्या वर्षी हरवलेली चप्पल. दुसऱ्या फेरीला मासे आले, हाताएवढे, मोजून एकेचाळीस. चाळीस मुलं आणि मी. मला वाटलं, देवानेच हिशेब करून धाडले.

पण सहा-सात वर्षांच्या एका पोरीने मध्येच दोर सोडला होता. तिला बदकामागे धावताना मी स्वतः बघितलं होतं. वाटणीला मात्र ती ताटली घेऊन सगळ्यात पुढे. बाकीची मुलं माझ्याकडे बघायला लागली, कारण रीत मीच शिकवली होती. मी तोंड उघडलं आणि पापा, तूच बाहेर आलास. "दोर सोडलंस मां? मगे वाटो कसलो मागतंस?"

तिला अक्षर कळलं नसणार, पण रीत माहीत होती; ती फाडफाड काहीतरी बोलली. पाद्रींनी हसत हसत सांगितलं, "ती म्हणते, एवढी मुलं ओढत होती, मी नसले तर मासे काय परत जाणार होते?"

तिचा वाटा मी दिला नाही. एकोणचाळीस जणांना त्यांचे मासे दिले आणि तिचा मासा जाळ्याचा वाटा म्हणून जाळं देणाऱ्या म्हाताऱ्याला दिला. पोरगी ताटली छातीशी धरून उभी. जेवायच्या वेळी तिच्या ताटलीत मी माझा मासा टाकला. पाद्रींनी विचारलं, तुझा कुठे? मी म्हटलं, पोटात बरं नाही.

म्हटलं आणि हातातला चमचा तसाच राहिला. पोरीने माझ्याकडे बघितलं आणि गालात हसली. तिला फार बरं वाटलं होतं, माझ्यासारखंच.

हे पत्र पाठवता येणार नाही. तू जाऊन नऊ वर्षं झाली, आणि मायला माझी पत्रं तोच पोस्टमन वाचून दाखवतो. त्याला पुन्हा हसायला कशाला द्या? म्हणून पेटीतच ठेवतो. इथे एक गोष्ट सांगतो. माझे हात सोलले नव्हते. मिठबावच्या बाजूला एस.टी. बंद पडली होती, ती बघायला गेलो होतो. नुसतं बघतही नव्हतो, लोकांबरोबर तिला धक्का मारत होतो.

रापणीचा दोर कुजला असं मायने कळवलंय. तिच्या नावावर पैसे धाडतोय, नव्या दोराचे तीनशे आणि वर त्या संध्याकाळच्या बांगड्याचे दोन. तीनशे दोन रुपये.