गाउदेन, तुझ्या वडिलांबद्दल

रोम,
संत मार्टिनच्या सणानंतरचा तिसरा दिवस

चिरंजीव गाउदेन यास,
आईचे आशीर्वाद.

मी बरी आहे. गुडघे कुरकुरतात, पण या मठाला पायऱ्याच फार. टायबरला पूर येऊन गेला, बागेतला कोबी सगळा चिखलात. तुझी बायको एव्हाना सुटली असेल. मुलगा की मुलगी, ते कळव.

तुझे वडील गेल्याचं नेपल्सला कळलं असेलच. खलाशी अशा बातम्या मालाच्या आधी पोचवतात. अकरा वर्षं पोप होते. ताप आला, पाच दिवसांत आटोपलं. आता नवे पोप बसलेसुद्धा.

काल पोपच्या लॅटेरन महालातून क्रिस्पिन नावाचा तरुण लेखनिक आला होता. प्रत्येक पोपचं चरित्र मोठ्या ग्रंथात उतरवायचं, हे त्याचं काम. "आजी, लग्नाचं काही सांगा," म्हणाला. सांगितलं. आठ वर्षं संसार झाला, मग त्यांना चर्चमध्ये डीकनपद मिळालं, आणि धर्मगुरूला संसार नको या नियमाप्रमाणे मी मठात आले. त्याची त्याने अर्धी ओळ केली. बाकीची पानं आधीच भरली होती. फुटलेला कालवा जोडून शहरात पाणी आणलं, संत पेत्रच्या देवळाच्या छतावर नवं शिसं घातलं, चांदीचे दिवे टांगले, गुलामांच्या व्यापाऱ्यांकडून माणसं सोडवली. सगळं खरं आहे. त्या कालव्याचं पाणी आम्हीच पितो. मसूर एका उकळीत शिजतो त्यात.

"मूलबाळ?" त्याने विचारलं.

काय उत्तर दिलं ते सांगते. पण त्याआधीचं एक राहिलंय.

अठरा वर्षांचा असताना तू मामाला न सांगता रोमला आलास. लॅटेरनच्या दाराशी तीन दिवस बसलास. चौथ्या दिवशी द्वारपाल म्हणाला, "पोपमहाराजांना मुलगा नाही. घरी जा." तेव्हापासून तू त्यांचं नाव टाकलंस. त्यांची दोन पत्रं न फोडता परत केलीस.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ते माझ्याकडे आले होते. मठाच्या जाळीपलीकडे उभे राहिले.

"युफ्रोसिना, पोरगं दारात बसलंय. कान अगदी तुझ्यासारखे. आत घेतो."

"निवड होऊन किती दिवस झाले तुमची?"

"चाळीस."

"मग लोक म्हणतील, गादीवर आपलं घराणं बसवायला निघाला."

"म्हणू देत गं. माझं पोरगं आहे ते."

मी म्हटलं, "मुलगा नाही म्हणून सांगा आणि परत पाठवा."

त्यांनी जाळीवरून हात काढून घेतला. "तू म्हणशील तसं," एवढंच बोलून गेले.

त्यांच्या वाटेत नको म्हणून तुला मी सातव्या वर्षी मामाच्या होडीत बसवलं होतं. तुझ्याच येण्याने ते पद गेलं असतं, तर तुला कशासाठी दूर केलं, याला माझ्यापाशी उत्तर उरलं नसतं. कारण एवढंच. भीती म्हण, हट्ट म्हण. त्यांनी पुढे मला कधी बोल लावला नाही. पत्रं परत आली तेव्हा मात्र दोन्ही वेळा मला आणून दाखवली.

क्रिस्पिनला मी म्हटलं, "एक मुलगा. गाउदेन. नेपल्सला होड्या बांधतो."

त्याचा टाक थांबला. "आजी, द्वारपाल तर सांगतात, मुलगा नव्हता."

"ते मीच सांगायला लावलं होतं."

"आता हे मी कसं लिहू? ग्रंथात देवळं, दिवे, दानं एवढंच लिहायचा हुकूम आहे हो."

"मग तू दिवे लिही. मुलाचं मी लिहिते."

राग सोड असं म्हणत नाही. अकरा वर्षं ज्यांच्यावर धरलास, ते तुला आत घ्यायला निघाले होते.

तुला दाराबाहेर ठेवणारी,
तुझी आई,
युफ्रोसिना