वऱ्हाडी गाडी आणि मामीचा पाय

चि. वैष्णवीस रिठदहून इंद्रभानमामाचे अनेक आशीर्वाद. इकडे सगळे खुशाल. सोयाबीन बरं आहे, मामीचे गुडघे सोडले तर तक्रार नाही. तू पुण्यात वेळेवर जेवतेस ना? (फोन असताना पत्र कशाला, ते खाली कळेल.)

तुमच्या कंपनीनं जुन्याच गाडीला नवा साज चढवून खास वऱ्हाडासाठी केलेली ती नमुन्याची गाडी तू पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्या दारात आणलीस, तेव्हा माझी छाती फुगली होती. पण पोरी, पुढून बैलाचं तोंड, वर शिंगं, टपावर रंगवलेली झूल! असं काही दारात उभं राहिल्यावर तुझी मामी काय करणार? तिनं चाकांवर पाणी घातलं, कुंकू लावलं आणि उरलेली पुरणपोळी थेट तोंडात भरवली. (साजूक तुपातली होती.) गाडीचा समोरचं पाहणारा डोळा नेमका तिथंच निघाला. मग गाडी नुसती कुईकुई करायला लागली, जागची हलेना. तुझ्यासोबत आलेले साहेब काडीनं पुरण कोरत बसले आणि आपला गडी लखन त्यांनाच म्हणतो, "पोट भरलं तिचं साहेब, आता कायले चालते थे?"

हसलो आम्ही, पण पुढचं मला लागलं. मामीला आत बसायचं होतं. खड्ड्यांसाठी म्हणून तुम्ही गाडी इतकी उंच केली, की तिचा पाय पोचेना. स्टूल आणलं, बाज आणली, अर्ध्या गावानं सल्ले आणले. शेवटी ती म्हणाली, "राहू द्या, मले बाहेरूनच लय साजरी दिसते." साहेबांनी 'महिलांना पसंत' असं टिपून घेतलं आणि ती घरात निघून गेली. जऊळक्याला तिची बहीण अंथरुणाला खिळली आहे, आणि एसटीची पायरी तर मामीला केव्हाच चढवेनाशी झाली. म्हणून लिहिलं. तू मनाला लावून घेऊ नकोस, गाडी चांगलीच आहे.

तुझा,
मामा

ता. क. दाराखाली एक पायरी बसवायला सांग. त्यापायी शिंगं काढावी लागली तरी चालेल. सोबत सुतळी ठेवली आहे. (फोनवरून सुतळी जात नाही.) मामीनं ओट्याला धरून पाय उचलला, तो जमिनीपासून जिथवर गेला तिथं गाठ मारली आहे. साहेबांना तेवढी दाखव.

पुन्हा ता. क. सुतळीला दोन गाठी आहेत. वरची मामीची. "पोरीले साहेब बोलतीन," म्हणत तिनं कळ सोसून पाय जास्तच उचलला. ती देवळात गेल्यावर खालची मी मारली. रोज ओट्यावर चढताना मी तिला पाहतो. खालचीच खरी.